कडीवरचा रंग

तिच्या वडिलांनी सगळं आयुष्य लोकांच्या दारांना रंग देण्यात घालवलं, आणि ती रंग उडालेल्या दारांचे फोटो काढून पोट भरत होती. त्यामुळे घरात चहाच्या कपाबरोबर एक तरी टोमणा ठरलेलाच असे.

“चाळीस वर्षं मी पापुद्रे खरवडले,” बाबा म्हणायचे, “आणि लोक आता तेच पापुद्रे काचेत घालून भिंतीला टांगतात. आधी कळलं असतं तर सगळे पोत्यात भरून ठेवले असते. आज बंगल्यात राहिलो असतो.”

“आणि त्या बंगल्याला रंग कुणी दिला असता?”

“देतोय कशाला? उडू दिला असता. तूच म्हणतेस ना, उडालेलाच चांगला दिसतो.”

घरात दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलीचं लग्न झालं नाही की तिनं केलं नाही, यावर नातेवाइकांत दोन तट होते, आणि दोन्ही तट तिला विचारायचंच विसरले होते. पूर्वी तिचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, आणि दिवसभर तेच ते: हनुवटी जरा खाली, कान दिसू द्या, हसू नका. मग हातोहाती फोन आले आणि स्टूल रिकामं राहायला लागलं. शेजारी फ्रेमवाल्याचं दुकान होतं. एकदा लेन्स तपासायला म्हणून तिनं एका गंजक्या दाराचा फोटो काढला होता. तो त्यानं गंमत म्हणून चौकटीत बसवला आणि दुकानात लावला. त्याच संध्याकाळी कुणीतरी तो नव्या दिवाणखान्यासाठी उचलून नेला. फ्रेमवाला धावतच तिच्याकडे आला.

“ताई, माणसं सोडा. दारं धरा.”

तिनं दारं धरली. गावात जिथे जिथे पाडापाडी व्हायची असेल तिथे ती आधी पोचायची. हॉटेलांचे जिने, दवाखान्यांच्या बसायच्या खोल्या, नव्या जोडप्यांची घरं, सगळीकडे तिची दारं लागली. भिंत जितकी नवी, तितकं तिच्यावर लोकांना जुनं दार हवं असतं, हे तिला एव्हाना कळलं होतं. बाबा दुकानात जात नसत, पण नवा फोटो घरी आला की चष्मा लावून बघत आणि पैज मारल्यासारखं सांगत, “खाली पिवळा आहे. त्याच्याखाली लाल अस्तर. आणि हा वरचा निळा देणारा मनुष्य कामचुकार होता, लाकूड न घासताच दिलाय.” ते कधी चुकले असतील असं तिला वाटत नसे.

ते हिरवं दार तिला नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत सापडलं. तिथून रुंद रस्ता जायचा होता. घरं रिकामी झाली होती, खिडक्यासुद्धा लोक काढून घेऊन गेले होते. गल्लीत एक म्हातारा शिंपी तेवढा मशीन चालवत बसला होता. घर सोडायची नोटीस त्यानं घडी करून मशीनच्या पायाखाली घातली होती, मशीन डुगडुगू नये म्हणून.

सकाळचं तिरपं ऊन दारावर पडलं होतं. एकपाखी, बुटकं दार. हिरवा रंग कुठे शेवाळासारखा, कुठे कळकलेल्या तांब्यासारखा. पापुद्रे सुटून कडांना वळले होते आणि प्रत्येकाखाली त्याची त्याची सावली होती. तिनं स्टँड लावला, डोळा कॅमेऱ्याला लावला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, “हलू नका.”

शिंप्यानं मान वर केली. “ते कुठे हलतंय,” तो म्हणाला. “मी इथे बसायला लागल्यापासून उघडलेलं बघितलं नाही. मागच्या अंगानं गोदाम होतं, माल तिकडूनच जायचा-यायचा.”

ती हसली. पण फोटो काढून होईपर्यंत तिला उगीचच पाय न वाजवता उभं राहावंसं वाटत होतं.

फ्रेमवाल्यानं फोटो बघितला आणि दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, “ताई, हे अंगावर चालून येतंय. याला लहान करायचं नाही. आहे त्या मापात काढू.” त्यानं माणसाच्या उंचीची प्रत काढली. खरं दार भिंतीला टेकवून ठेवावं तशी ती दुकानात उभी राहिली. पहिली प्रत दातांच्या दवाखान्यात गेली, दुसरी एका नव्या लग्नाच्या जोडप्याकडे, आणि महिन्याभरात आणखी चार गेल्या.

मग त्या परत यायला लागल्या.

आधी जोडपं आलं. सोफ्याच्या रंगाशी जात नाही म्हणाले. सोफा पांढरा होता. पांढऱ्याशी काय जात नाही, असं फ्रेमवाला विचारणार होता, पण नवरी इतक्या घाईनं म्हणाली, “दुसरं काहीही द्या, बोटींचं द्या,” की त्यानं बोटींचंच काढून दिलं. मग दवाखान्यातली बाई आली. चौकट भिंतीला जड होते म्हणाली. निघताना दाराशी थांबली, मागे वळली आणि हळूच बोलली, “पेशंट सारखे उठून उभे राहतात हो. परवा एक आजोबा मला रागावले. म्हणाले, अहो, कधीचं कोणीतरी ताटकळलंय, उघडा की.”

तिसऱ्या वेळी फोटोवाली दुकानातच होती. एक निवृत्त मुख्याध्यापिका स्वतः टॅक्सीत घालून चौकट घेऊन आल्या होत्या.

“हे बघा, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही,” त्या म्हणाल्या. “बत्तीस वर्षं गणित शिकवलंय. पण हे समोर असलं की मला चैन पडत नाही. वाटतं, कोणीतरी आलंय आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करतेय. काल वाचता वाचता उठले आणि सरळ कडीला हात घातला. बोटं काचेवर आपटली तेव्हा भानावर आले.”

“कडीला?”

“मग? कडी आपल्याच बाजूला आहे ना.”

हे बोलून त्या निघून गेल्या. ती मात्र बराच वेळ त्या चौकटीसमोर उभी राहिली. शेकड्यांनी दारं बघितलेली बाई, पण हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. दाराला वर एक कडी होती, खाली एक कडी होती, दोन्ही लावलेल्या. बाहेरून कुलूप घालायची सोय नव्हती, ओढायला मूठ नव्हती. आपण रात्री घरात शिरून जे दार लावतो, त्याची ही आतली बाजू. आणि फोटो काढताना ती तर भर रस्त्यात उभी होती, मागे शिंप्याचं मशीन वाजत होतं.

बाबांना विचारावं म्हणून ती चौकट रिक्षात आडवी घालून घरी घेऊन आली आणि त्यांच्या खुर्चीसमोर भिंतीला टेकवून ठेवली. बाबा आतून चहाचा कप घेऊन आले. दारातच थांबले. कप त्यांनी तिथेच खाली ठेवला.

“हे कुठलं?”

“नदीपलीकडचं. जुन्या वस्तीतलं. बाबा, हे उलटं बसवलंय का? कड्या रस्त्याच्या बाजूला कशा?”

बाबांनी चष्मा लावला नाही. खाली कुठला रंग आहे, तेही सांगितलं नाही.

“त्याचं तोंड भिंतीकडे कर,” ते म्हणाले.

“अहो पण…”

“कर म्हणतो ना.”

तिनं चौकट फिरवली. चहा गार झाला. संध्याकाळभर बाबा टीव्हीसमोर बसून होते, आणि टीव्ही बंद होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ते आपण होऊन बोलायला लागले. तिनं विचारलं नव्हतं.

“तेविसाव्या वर्षी मी स्वतःची कामं घ्यायला लागलो. त्याच्या आधी उस्तादाच्या हाताखाली होतो. माझं पहिलंवहिलं काम ते दार. घरमालक चांगला माणूस होता, म्हणजे चांगला बोलायचा. म्हणाला, एवढं एकच दार आहे, हिरवा दे, दोन हात मार. मी बघितलं तर कड्या बाहेरून. आमच्या कामात कड्या रंगवत नाहीत. कपडा गुंडाळतात, नाहीतर काढून ठेवतात. मी कपडा गुंडाळायला लागलो, तर म्हणाला, राहू दे. कडीवरूनच सरळ रंग मार, भरपूर मार. हे दार आता उघडायचं नाही.”

“तुम्ही विचारलं नाहीत?”

“पहिलं काम होतं, पोरी.” ते थांबले. “मी ब्रश लावला. खालून वर, वरून खाली. दोन-चार हात फिरले असतील, आणि आतून आवाज यायला लागला. सर्र, सर्र. मला वाटलं उंदीर असेल. मी ब्रश वर नेला, आवाज वर गेला. मी खाली आणला, तो खाली आला. मी मधेच थांबलो, तर तोही थांबला.”

ती ताटं उचलता उचलता खाली बसली.

“आतून कोणीतरी तळहात फिरवत होतं. माझ्या ब्रशच्या मागोमाग. मी मुद्दाम कोपऱ्यात गेलो, तिथेही आला हात. मग एक बाई बोलली. ओरडली नाही, रडली नाही. तू शेजारच्या खोलीतून मला विचारतेस ना, तसं विचारलं, ‘कोण आहे?’”

“मग?”

“मालक माझ्या मागेच उभा होता. म्हणाला, बहीण आहे माझी, तब्येत बरी नसते. तू तुझं काम कर.” बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. “मी काम केलं. कड्या रंगानं बुजवून टाकल्या. पहिला हात वाळायला एक दिवस गेला, मग दुसरा हात मारला. तेव्हाही ती होती. तुझ्या आईलासुद्धा मी हे कधी सांगितलं नाही.”

खालच्या गल्लीत कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.  मग बाबा उठले, पलंगाखालून त्यांची अवजारांची पेटी ओढली आणि त्यातून खरवडायची पट्टी काढली. अंगठ्यानं धार बघितली.

“उद्या सकाळी जाऊ,” ते म्हणाले.

“बाबा, ते घर पाडणार आहेत. आत कोणी नाही. पन्नास वर्षं झाली.”

“त्रेपन्न. रंग मी दिलाय. काढतोही मीच.”

सकाळी ते गेले तेव्हा गल्ली ओळखू येईना. मागच्या बाजूनं पाडायचं यंत्र कामाला लागलं होतं आणि धुळीनं सगळं एका रंगाचं झालं होतं. शिंपी मात्र होता. तिनं त्याला खरं ते सांगून टाकलं, वडिलांना ते दार एकदा उघडायचंय. शिंप्यानं बाबांच्या हातातल्या पट्टीकडे बघितलं, गळ्यातली टेप नीट केली आणि म्हणाला, “उघडा. आता कोण अडवतंय.”

बाबांनी वरच्या कडीपासून सुरुवात केली. शहात्तर वर्षांचा माणूस, एरवी चहाचा कप धरताना हात थरथरायचा. पण पट्टी हातात आली आणि हात स्थिर झाला. वाळून दगड झालेला रंग एकेक चकतीनं सुटत होता. थोड्या वेळानं पलीकडचं यंत्र बंद झालं. माणसं न्याहारीला गेली असावीत. गल्ली एकदम शांत झाली.

तेव्हा तिला तो आवाज आला.

पट्टीचा आवाज वेगळा होता, करकरीत. त्याच्या खाली दुसरा एक होता, मऊ. सर्र. पट्टी वर गेली की वर. तिनं बाबांकडे बघितलं. ते मान खाली घालून काम करत होते, पण त्यांच्या ओठांवरचा रंग गेला होता.

“मी मागून बघून येते,” ती म्हणाली. “मजूर असेल कोणीतरी. किंवा मांजर.”

गल्लीच्या टोकाशी वळून, विटांच्या ढिगावरून हातपाय टेकत ती मागच्या बाजूला गेली. घराची मागची भिंत नव्हतीच. काल किंवा परवाच पडली असावी. छप्पर अर्धं लोंबत होतं, आणि समोर, मोडक्या विटा ओलांडून, ती खोली दिसत होती. पुढच्या रस्त्याकडची. तिन्ही बाजूंनी उघडी पडलेली, ऊन भरलेली, रिकामी. त्या उन्हात दाराची आतली बाजू दिसत होती. खोलीत कोणी नव्हतं. लपायला जागा नव्हती.

आणि आवाज येत होता. सर्र, सर्र, सावकाश, खालून वर, वरून खाली. दारावरून धूळ अगदी बारीक, पिठासारखी गळत होती. बाबा पलीकडून खरवडताहेत, लाकडातून आवाज येतोय, तिनं स्वतःला सांगितलं. लाकूड पोकळ झालं असेल. ती तिथे मोजून दहा श्वास उभी राहिली, मग आली तशी परत गेली.

“कोणी नाही, बाबा. मागची भिंतच पडलीये. खोली मोकळी आहे.”

“आवाज येत होता?”

“तुमच्या पट्टीचा येत होता.”

बाबांची पट्टी पायरीवर ठेवलेली होती. तेही पायरीवरच बसले होते, दोन्ही हात मांडीवर.

“तू गेलीस तेव्हाच मी थांबलो,” ते म्हणाले. “दाराला हात लावलेला नाही.”

तिनं शिंप्याकडे बघितलं. तो मशीनवरून उठून दुकानाच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. त्यानं नुसती मान हलवली: नाही लावला.

असं असताना माणसं पळून जातात, आणि तिचे पायही तसंच म्हणत होते. पण बाबा उठले. खालची कडी त्यांनी गुडघे टेकून खरवडली; तिनं त्यांच्या खांद्याला धरलं, त्यांना आधार म्हणून की आपल्याला, ते सांगता येणार नाही. आता आतून काहीच ऐकू येत नव्हतं. ते आधीपेक्षा वाईट होतं. कोणीतरी कान देऊन उभं राहिल्यावर होते तशी ती शांतता होती.

खालची कडी सरकली. वरची अडली, तेव्हा बाबांनी पट्टीची मूठ कडीवर दोनदा ठोकली आणि ती खट् करून सुटली. दार रस्त्याकडे उघडणारं होतं. तिनं कडीला धरून ओढलं. एवढी वर्षं आळसावलेल्या बिजागऱ्या कुरकुरल्या, आणि दार उघडलं.

पलीकडे मोकळं आकाश होतं आणि विटा.

बाबा एक पाऊल बाजूला झाले. कुणाला वाट द्यावी तसे, नजर खाली करून. आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. तीही नकळत बाजूला सरली होती. दोघांच्या मधे जागा रिकामी राहिली, साधारण एका माणसाची. मग शिंपी आपल्या उंबऱ्यावरून मागे झाला, आणि नंतर कधी तिनं विचारलं तेव्हा, का मागे झालो ते त्याला सांगता आलं नाही.

दाराची आतली बाजू दोघांनी नंतर जवळून बघितली. नखांचे ओरखडे असतील अशी तिची मनाची तयारी होती. ओरखडा एकही नव्हता. आतल्या बाजूला रंग उरलाच नव्हता. लाकूड उघडं पडून गुळगुळीत झालं होतं, वर्षानुवर्षं वापरलेल्या पोळपाटासारखं. आणि ते उभं झिजलं होतं, लांब, सरळ पट्ट्यांत, एकीला लागून दुसरी, कुठे फट न सोडता. चांगला रंगारी हात फिरवतो तसं. एका बाईचा हात पुरेल तिथपर्यंत. त्याच्या वर जुना रंग तसाच होता.

बाबांनी त्यावर तळहात ठेवला आणि लगेच काढला.

“ऊब आहे,” ते म्हणाले. उन्हानं असेल, असं ती म्हणाली नाही.

कॅमेरा सबंध वेळ तिच्या गळ्यात होता. त्याची आठवण तिला घरी आल्यावर झाली.

फ्रेमवाल्याला तिनं सांगितलं, हिरव्याच्या प्रती आता काढायच्या नाहीत. तो हळहळला, चार दिवस तिच्याशी बेतानंच बोलला. दार आणि घर त्याच आठवड्यात गेलं. पण बाबांचं मन लागेना. एका सकाळी ते एकटेच शिंप्याकडे जाऊन आले आणि एका कागदावर पत्ता घेऊन आले. त्या घरातली मुलगी, म्हणजे त्या बाईची भाची, अजून त्याच्याचकडून कपडे शिवून घ्यायची.

ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती. साठीला आलेली, शांत चेहऱ्याची बाई. पाहुणे का आलेत ते कळल्यावर तिनं आधी खिडकी लावून घेतली, जणू शेजारी ऐकतील.

“आत्या,” ती म्हणाली. “माझ्या बाबांची धाकटी बहीण. सगळे म्हणायचे डोकं ठिकाणावर नाही. मला विचाराल काका, तर ती फक्त चालत सुटायची. उठली की दार उघडून चालायला लागायची, सापडायची ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. लोक नावं ठेवतात म्हणून पुढच्या खोलीत ठेवली. दार फिरवून बसवलं, कड्या बाहेर. आमच्या घरात उघडणारं दुसरं दार होतं, त्यातून ताट जायचं. मीच न्यायची. सहा वर्षांची होते.”

“मी रंग दिला होता त्या दाराला,” बाबा म्हणाले. “कडीवरूनसुद्धा. तिनं कोण आहे विचारलं, मी बोललो नाही.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. “तुम्ही होतात होय ते?” मग म्हणाली, “तुम्ही दोन दिवस होतात, काका. आम्ही अकरा वर्षं होतो. तुम्ही कशाला एवढं घेऊन बसलात?”

बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले.

“त्यानंतर तिला तो नादच लागला,” ती पुढे सांगायला लागली. “दुपार झाली की दाराशी उभी राहायची आणि हात फिरवायची. आम्ही पोरं हसायचो. आत्या कामावर गेली म्हणायचो. इथे राहायला आलो तेव्हा तिला ही खिडकीची खोली दिली. पण ती खिडकी सोडून त्या समोरच्या भिंतीशीच उभी राहायची. दोनदा रंग द्यावा लागला त्या भिंतीला. जाऊन बारा वर्षं झाली आता तिला. झोपेतच गेली.”

बारा वर्षं. फोटोवालीनं बाबांकडे बघितलं नाही. त्या सकाळी दाराशी काय ऐकलं, ते तिनं या बाईला सांगितलं नाही, आणि पुढेही सांगितलं नाही.

“कोणत्या हातानं?” बाबांनी विचारलं.

“काय?”

“हात कोणता फिरवायची?”

बाईनं डोळे मिटून आठवून बघितलं. तिचा स्वतःचाच हात हवेत उचलला गेला. “डावा,” ती म्हणाली. मग नवल वाटून, “पण जेवायची तर उजव्यानंच.”

बाबांनी मान डोलावली. दाराच्या अलीकडून त्यांचा उजवा. पलीकडून, समोरासमोर उभं राहिलं तर, तिचा डावा.

चहा घेतला, आणि निरोप घेऊन ते निघाले. पहिला जिना उतरल्यावर बाबा कठड्याला धरून थांबले. दम लागला असेल म्हणून तीही थांबली.

“मालकानं दोनच हात सांगितले होते,” ते म्हणाले. “तुलाही मी दोनच हातांचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी परत गेलो होतो. मालकाला खोटं बोललो, म्हटलं, रंग नीट धरला नाही, अजून एक हात लागेल, पैसे नकोत. तो कामाला निघून गेला. गल्लीत कोणी नव्हतं.”

“बोललात तिच्याशी?”

“काय बोलणार? रंगच देत राहिलो. जेवढा सावकाश देता येईल तेवढा सावकाश. ती पलीकडून येत होती मागोमाग. दुपार झाली, संध्याकाळ व्हायला आली.”

“मग?”

“मग काय,” बाबा म्हणाले, आणि पुढची पायरी उतरले. “रंग संपला.”